लेंगरेआण्णांचे दोन भाव

कुणी मला एखाद्या गोष्टीची किंमत विचारली की मी अजूनही आधी गप्प बसते. परवा सांगलीत आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी लिफ्टची वाट बघता बघता विचारलं, "तुमच्या फ्लॅटचे आता किती येतील हो?" वेळ घालवायला विचारलेला साधा प्रश्न. मला मात्र उत्तर देता येईना. बाईंना वाटलं, मी आकडा लपवते आहे, आणि त्या जराशा फणकाऱ्यानंच लिफ्टमध्ये शिरल्या. आता त्यांना कसं सांगणार, की आकडा ओठांवर आला रे आला की माझ्या पाठीमागे एक घोगरा आवाज उठतो, "मॅडम, त्या भावाला देणार का? आन त्याच्याच आसपास आजून एक घेणार का?"

हा आवाज सिदा लेंगरे यांचा. सगळा आष्टा गाव त्यांना आण्णा म्हणे. खताच्या दुकानावरच्या माडीत त्यांचं शेअर-दलालीचं ऑफिस होतं. तीन कॉम्प्युटर, एक लाकडी बाक, भिंतीवर बिरोबाचं कॅलेंडर आणि खालून वर येणारा युरियाचा वास. मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झालेली, रोज सांगलीहून एसटीनं यायची आणि लोकांच्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर टाकायची. वय तेवीस, पगार बेताचा आणि अक्कल त्याहून बेताची. आण्णा मला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला सात वर्षांत कळलं नाही.

आण्णा उंच होते आणि खांद्यात थोडे वाकलेले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि खुर्चीत बसताना एक पाय वर घेऊन मांडीखाली दुमडलेला. त्यांचं घराणं पूर्वेच्या माळावरचं, मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने चालणारं. आण्णाही वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत चालले. पुढे सांगलीत एका दलालाकडे शिपाई म्हणून लागले, तिथे चहा देता देता धंदा शिकले. एवढंच मला ठाऊक. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं की ते खिडकीबाहेर बघायला लागत आणि मग अर्धा तास परत येत नसत.

त्यांची एक विचित्र सवय होती. कसलाही भाव ते एक कधी सांगत नसत. दोन सांगत. घ्यायचा एक आणि द्यायचा एक. कलिंगडाच्या गाड्यावर उभे असले आणि मी म्हटलं, "आण्णा, एवढं मोठं कलिंगड केवढ्याला असेल?" तर ते कलिंगडाकडे नीट बघून म्हणत, "चाळीसला घीन, पंचेचाळीसला दीन." कलिंगड त्यांचं नसायचं, तरी. गाडेवाल्याला हे माहीत होतं. तो हसायचा.

ही रीत त्यांच्या आजोबांची. भावाभावांत मेंढरं वाटायची वेळ आली की एकानं भाव बोलायचा आणि दुसऱ्यानं ठरवायचं, त्या भावाला घ्यायचं की द्यायचं. बोलणाऱ्याला आधी माहीत नसायचं आपण कुठल्या बाजूला पडणार. त्यामुळे तो वर बोलायला भ्यायचा आणि खालीही बोलायला भ्यायचा. "मंग भाव आपोआप मदी येऊन बसायचा," आण्णा म्हणत. "भांडाण न्हाई, पंच न्हाई. ज्याला भाव सांगायचा आसंल, त्यानं दोन्हीकडनं मार खायाची तयारी ठेवायची. न्हाईतर गप बसायचं."

या रीतीपायी त्यांनी आपली मोटारसायकल घालवली. मी तिथे होते. खाली चहाच्या टपरीवर द्राक्षाचा एक व्यापारी उभा होता. त्यानं सहज विचारलं, "आण्णा, ह्या गाडीचं आता काय येत्याल?" आण्णांनी चहा बशीत ओतता ओतता सांगितलं, "घ्यायला आकरा हजार, द्यायला बारा." व्यापाऱ्यानं खिशातून नोटांची गड्डी काढली आणि बारा हजार आण्णांच्या पुढ्यात ठेवले. गाडीची किंमत चांगली अठरा-वीस असणार, हे मलासुद्धा कळत होतं. आण्णांनी चहा संपवला, किल्ली दिली, आणि डिकीतली पिशवी काढून घेतली. "सकाळीच प्याट्रोल भरलंय," एवढं वर सांगितलं.

ऑफिसात आल्यावर मी तोंड सोडलं. "आण्णा, हा काय वेडेपणा?"

"चुकलो," ते म्हणाले. "इचार न करता बोललो. पर आता त्या गाडीचा खरा भाव आपल्याला कळला का न्हाई? बारा हजाराला गिऱ्हाईक एका मिंटात आलं, म्हंजे बारा कमी हुतं."

घरी त्यांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, काय केलं असेल ते केलं असेल. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन स्वतः माडी चढून आल्या आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "आवं, कुणी माजा भाव इचारला तर तेवढं गप बसा म्हंजे झालं." आण्णा मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. पुढचं वर्षभर ते घरून चालत येत. त्यांची चाल मेंढक्याची, लांब आणि न थकणारी. मला तर वाटतं गाडी गेल्याचा त्यांना मनातून आनंदच झाला होता.

मला त्यांनी धंद्यातलं पहिलं जे शिकवलं, ते अजून रोज उपयोगी पडतं. माझा तो दुसरा की तिसरा आठवडा. शिंदे गुरुजी नावाचे एक निवृत्त शिक्षक रोज बाकावर येऊन बसत. त्यांच्याकडे एका लहानशा कंपनीचे दोन हजार शेअर होते. मी पडद्यावरचा भाव बघितला, गुणाकार केला आणि ऐटीत सांगितलं, "गुरुजी, तुमचे चार लाख झाले." गुरुजींचा चेहरा खुलला. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, माझ्या खात्यात त्यातलं पाश्शे हायती. तेवढं इकून दावा बरं."

मी विकायला बसले. पहिले वीस दोनशेला गेले. पुढच्या तिसांना एकशे नव्वद. मग एकशे चौऱ्याहत्तर. मग खरेदीदारांची रांगच संपली, पडद्याचा तो भाग कोरा झाला. मी घाबरून हात काढून घेतले.

"त्यो दोनशेचा भाव शेवटच्या गिऱ्हाइकाचा हुता," आण्णा शांतपणे म्हणाले. "ते गिऱ्हाईक गेलं घरला. तुमी गुरुजींला चार लाख दिलं, पर ते देणारं मानूस कुठं हाय ते बगितलंच न्हाई."

गुरुजींचे चार लाख उडाले ते उडालेच, पण आण्णांनी मला धडा शिकवायला स्वतःच्या शेअरांचं नुकसान करून घेतलं हे माझ्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली. एसटीत खिडकीशी बसून मी रडले. मग स्वतःवरच हसले.

त्यांच्या दिवसातला सगळ्यात आवडता वेळ सकाळी नऊचा. नऊला पडदा उघडतो, पण लगेच व्यवहार होत नाहीत. काही मिनिटं लोक नुसतं सांगतात, मी एवढ्याला घेईन, मी एवढ्याला देईन. आकडा पुढेमागे होत राहतो, आणि मग सगळ्यांच्या सांगण्यातून एक भाव ठरतो. तो ठरला की दिवस सुरू. ही मिनिटं आण्णा डोळे अर्धवट मिटून बसत. ऑफिसात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. बाकावरचे लोकही सवयीनं गप्प होत. खालून पोती टाकल्याचा आवाज यायचा, पंखा फिरायचा, आणि पडद्यावरचा आकडा हळूहळू हलत राहायचा. बाहेर उसावर धुकं असायचं. मला त्या शांततेत कधी कधी झोप लागायची.

एकदा मी विचारलं, "आण्णा, या वेळात तुम्ही काय बघता?"

"तळावर पाटंचं असंच आसतंय," ते म्हणाले. "मेंढरं उठल्याली नसत्यात. पर कळपात एक हालचाल सुरू झाल्याली आसती. कुठलं तरी एक मान उचलतं, दुसरं कान हालवतं. कुणीच ठरवल्यालं नसतंय. आन मंग एकदम सगळी उठून एका अंगाला चालाय लागत्यात. माझा आज्जा म्हणायचा, तवर बोलायचं न्हाई. आपुन बोललं की ती बिचकून चुकीच्या अंगाला जात्यात." एवढं बोलून ते पुन्हा डोळे मिटून बसले. बाजार म्हणजे हावरट लोकांचा गोंगाट, अशी माझी तोवरची समजूत. त्या माडीवर ती कधी निवळली मला कळलंच नाही.

सुभेदार निकम आमच्याकडे आले ते अशाच एका सकाळी. कोयनानगरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत त्यांचं घर. आष्ट्यात त्यांच्या पलटणीतला एक मित्र राहायचा, त्यानं आण्णांचं नाव सांगितलं होतं. सुभेदार ताठ बसले आणि पिशवीतून कागद काढले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एका पाइप बनवणाऱ्या कंपनीचे कर्जरोखे घेतले होते. एकेक रोखा हजार रुपयांचा, व्याज चांगलं, मुदत अजून दोन-अडीच वर्षांची. आमच्या भागातल्या बऱ्याच निवृत्त फौजींनी आणि शिक्षकांनी ते घेतले होते. शिंदे गुरुजींनीसुद्धा. पण नुकताच कंपनीचा एक व्याजाचा हप्ता उशिरा आला होता, आणि कंपनी बसणार अशी कुजबूज सुरू झाली होती.

"हे इकायचं हाय," सुभेदार म्हणाले. "नात हाय माझी, सान्वी. तीन वर्सं झाली तिला. जन्मापासनं ऐकाय येत न्हाई. पुण्याच्या डॉक्टरनं आपरेशन सांगितलंय, कानात मशीन बसवायचं. थोडं सरकारकडनं मिळतंय, बाकीचं आमी भरायचं. येत्या आठ दिसांत भरलं तर ह्या महिन्यातली तारीख हाय. न्हाईतर मंग कवा ते ठाऊक न्हाई, आन डॉक्टर म्हणतोय, वय वाढंल तसा उपेग कमी. टाइम न्हाई आण्णा माझ्याकडं."

मी पडद्यावर बघितलं. शेवटचा व्यवहार नऊशे ऐंशीला, चार महिन्यांपूर्वीचा. आज घेणारा एकही नाही. ते गिऱ्हाईक कधीच घरी गेलं होतं.

"काय भाव येईल?" सुभेदारांनी विचारलं.

आण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. माणसानं भाव विचारावा आणि आण्णांनी सांगू नये, असं मी पहिल्यांदाच बघत होते. बाकावर शिंदे गुरुजींसकट तिघंचौघं बसले होते. त्या सगळ्यांकडे तेच रोखे होते. "परवा या," शेवटी आण्णा म्हणाले.

ते दोन दिवस आण्णा माणसांत नव्हते. मी पुण्या-मुंबईच्या दलालांना फोन लावत होते. कुणी हसत होतं, कुणी थांबा म्हणत होतं. आकडा कुणीच सांगत नव्हतं. आण्णांजवळ काही पैसे साठलेले होते, हे मला माहीत होतं. गावाबाहेर एक एकर रान घ्यायचं त्यांनी आणि हौसाकाकूंनी ठरवलं होतं. ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली, त्या घराण्याचं ते पहिलं स्वतःचं रान होणार होतं. काकू बांधावर कुठली झाडं लावायची तेसुद्धा ठरवून बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सुभेदार आले. बाकावर नेहमीची मंडळी होतीच. आण्णा उभे राहिले आणि नेहमीसारखे मोठ्यानं बोलले, "सुभेदार, घ्यायला सहाशे ईस. द्यायला सहाशे चाळीस."

ऑफिसात एकदम आरडाओरडा झाला. शिंदे गुरुजी तर उभेच राहिले. "आण्णा, हजाराचा कागद! तुमच्या एका शब्दानं आमचे सगळ्यांचे सहाशे केलेत तुम्ही!"

"म्या न्हाई केलं गुरुजी," आण्णा म्हणाले. "झालंच हुतं. कुणी बोलत नव्हतं, म्या बोललो."

मी त्यांना आतल्या खोलीत ओढत नेलं. खरं सांगते, मला राग आला होता. "आण्णा, लहान पोरीच्या ऑपरेशनचा प्रश्न आहे. सातशे तरी द्या. आठशे द्या. माणुसकी म्हणून."

"पोरी," ते म्हणाले. मॅडम म्हणाले नाहीत, तेव्हाच मी जरा वरमले. "दया करायची तर तशीच पदरची रक्कम दीन आन सांगून दीन. सुभेदार ती घेणार न्हाईत, तुला बी ठाव हाय. पर दयेचा भाव बोललो तर त्यो खोटा हुतो. उद्या गुरुजी ईल, परवा आजून कोण ईल, म्हणंल मला बी आठशे द्या. कुठनं देऊ? सहाशे ईसला कंपनी बुडाली तर माझं रान जाईल, झोप जाईल, पर घर ऱ्हाईल. त्याच्या वर गेलो तर घर बी जाईल. जोखीम कागदात नसती गं. घेणाऱ्याच्या घरात आसती. माझ्या घराला एवढंच झेपतंय."

सुभेदारांनी कागद एकेक करून चाळले. मग त्यांनी सही केली. आण्णांच्या खात्यातून खरेदीची ऑर्डर मीच टाकली, पडद्यावर, सगळ्या जगाला दिसेल अशी. पैसे वेळेत पुण्याला पोचले. सान्वीचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. हौसाकाकू त्या आठवड्यात डबा घेऊन आल्या, तेव्हा म्हणाल्या, "रान न्हाई तर न्हाई. पोरीला ऐकाय आलं का तेवढं कळवा मला." आणि डबा जरा आपटून ठेवला.

पुढचे तीन आठवडे दोन्ही भाव पडद्यावर रोज होते. घ्यायला सहाशे वीस, द्यायला सहाशे चाळीस. आणि मग एका दुपारी कुणीतरी सहाशे चाळीसला घ्यायला लागलं. पडद्यापलीकडचं माणूस, नाव नाही, चेहरा नाही. दहा रोखे घेतले. मग पंचवीस. मग थांबलं, आणि पुन्हा पन्नास. चार-पाच महिने ज्याला कुत्रं विचारत नव्हतं ते कुणी तरी घाईघाईनं गोळा करत होतं. त्याला काहीतरी कळलेलं होतं आणि आम्हाला नव्हतं.

"आण्णा, मी ऑर्डर काढून टाकते," मी म्हटलं. "याला आतली काहीतरी बातमी आहे. राहिलेले द्यायचे नाहीत."

"ऱ्हाऊ दे."

"अहो, तुमचं रान यात परत मिळेल! दुप्पट मिळेल!"

"सहाशे चाळीसला दीन म्हणून तीन आठवडं बोललोय मी," आण्णा म्हणाले. "गिऱ्हाईक आलं की आत वडायचं, आन गिऱ्हाईक नसलं की पुढं धरायचं, असलं दार काय कामाचं?" आणि त्यांनी शेवटचा रोखा जाईपर्यंत मला माऊसला हात लावू दिला नाही. एका रोख्यामागे वीस रुपये सुटले. मग ते बाकाकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "गुरुजी, कोण तरी जोरात घ्याय लागलंय. भाव वर चाललाय. कुणीबी आता इकू नका. माझा भाव आता घ्यायला आठशे. द्यायला माझ्याकडं एकबी उरला न्हाई." त्यांच्याकडे त्या भावाला कुणी विकलं नाही. लोकांनी रोखे घट्ट धरून ठेवले.

पुढचं आष्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. एका मोठ्या कंपनीनं ती पाइपवाली कंपनी घेतली आणि मुदत संपल्यावर रोख्यांचे पुरते हजार हजार रुपये दिले. शिंदे गुरुजींनी गावात पेढे वाटले. आणि त्याच पेढ्यांबरोबर एक गोष्टही वाटली गेली: आण्णांना आधीच ठाऊक होतं, आण्णांनी अडलेल्या सुभेदाराला सहाशे वीसला लुटलं. आण्णांनीच गुरुजींना विकू नका म्हणून सांगितलं होतं, हे गुरुजी विसरले. माणसाला पैसे मिळाले की सल्ला आपलाच होता असं वाटायला लागतं. मी म्हटलं, सहाशे चाळीसला विकल्याचे कागद आहेत आपल्याजवळ, बाहेर भिंतीवर चिकटवते.

"चिकटवून काय? सुभेदाराला त्यानं हजार मिळणार हायती व्हय?" आण्णा म्हणाले. पण त्यांना लागलं होतं. नऊच्या शांततेत ते डोळे मिटत नव्हते, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. ते एकराचं रानही तोवर दुसऱ्या कुणी घेतलं होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी ते म्हणाले, "मॅडम, उद्या बाजार बंद हाय. माझ्याबरं कोयनंला येता का? सुभेदाराकडं जायाचंय."

"बोलावलंय का त्यांनी?"

"न्हाई. म्हणून तर जायाचं."

आम्ही एसटीनं कऱ्हाडला गेलो, तिथून पाटणला. पाटणच्या स्टँडवर आण्णांनी दोन चहा सांगितले आणि स्वतःचा तसाच ठेवला. पुढे घाटाची वळणं लागली. मार्गशीर्षातलं धुकं रस्त्यावर उतरलं होतं, मधूनच धरणाचं पाणी दिसायचं आणि परत झाकलं जायचं. आण्णा सगळा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. मला एकदा वाटलं, हा माणूस इथेच उतरेल आणि त्या धुक्यातून चालत निघून जाईल. ते त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात, सांगलीच्या दवाखान्यात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. मी तोवर सांगलीत दुसरी नोकरी धरली होती. त्यामुळे मी त्यांना नीट, डोळे भरून पाहिलं ते शेवटचं त्या शनिवारी.

सुभेदारांचं घर उतारावर होतं. त्यांनी आम्हाला बघितलं आणि क्षणभर दारातच उभे राहिले. मग "या" म्हणाले. ओसरीवर घोंगडं टाकलं. सुभेदारांच्या पत्नी, सगळे त्यांना काकी म्हणत, पाणी घेऊन आल्या. आत सान्वी जमिनीवर बसून बांगड्यांशी खेळत होती. पाच पुरी झालेली, दोन वेण्या, आणि कानामागे लहानशी गोल चकती. तिनं मान वर केली नाही.

आण्णांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "सुभेदार, तुमचा कागद हजाराचा झाला. म्या त्यो सहाशे ईसला घेतला. लोक म्हणत्यात, म्या तुमाला बुडवलं. तुमी काय म्हणताय ते ऐकाय आलोय. दुसऱ्या कुणाचं मला ऐकायचं न्हाई."

सुभेदारांनी घोंगड्याची सुरकुती हातानं सारखी केली. आत बांगड्यांचा खुळखुळाट चालू होता. "खोटं न्हाई बोलत," ते शेवटी म्हणाले. "पैसं मिळाल्याचं ऐकलं तवा वाईट वाटलं. लय वाटलं. चार दीस जेवण गेलं न्हाई. तुमचा राग बी आला."

आण्णांनी मान हलवली. त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्याचा दिसला. मला वाटलं आता उठतील.

"आवं आण्णा, बसा खाली," काकी मध्येच म्हणाल्या. "ह्यांला राग येतो आन जातो. त्या आठवड्यात आमी सातजणांकडं गेलो हुतो. म्होटी म्होटी मानसं. सगळी म्हणाली, थांबा, भाव सुधारंल. पोरीचं वय थांबणार हुतं व्हय? आकडा सांगणारं तुमी एकलंच निगालासा."

सुभेदार काही बोलणार होते. तेवढ्यात जमीन हलली. कोयनेच्या लोकांना याचं काही वाटत नाही. धरणाच्या पोटातून आल्यासारखी एक बारीक थरथर, चार-पाच सेकंदांची. पण आतल्या फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायला लागली. पितळी, स्टीलच्या ताटल्या, सगळी एकदम.

सान्वीनं बांगड्या टाकल्या आणि गर्रकन मान वळवून फळीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत नव्हती. भांड्यांकडे बघत होती. तोंड उघडं ठेवून.

"आदी हिला हादरा आमच्या आदी कळायचा, पायातनं," काकी हळूच म्हणाल्या. "घाबरून मला बिलगायची. भांड्याचं तिला कायबी ठाव नव्हतं."

थरथर थांबली. आण्णा उठले, आत गेले, फळीवरची एक ताटली आणि चमचा घेतला, आणि सान्वीच्या पाठीमागे जाऊन बसले. टण्ण. ती वळली. त्यांनी ताटली लपवली. ती पुन्हा समोर बघायला लागली. टण्ण. ती वळली, आणि खुदकन हसली. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. ओसरीवर सुभेदारांनी तोंडावर दोन्ही हात धरले होते.

हे किती वेळ चाललं कोण जाणे. बाहेर धुकं दारापर्यंत आलं होतं. परतीची एसटी साडेचारची होती, ती चुकली असती तर रात्री कऱ्हाडपर्यंत काही मिळालं नसतं. मी उंबऱ्यातून म्हटलं, "आण्णा, गाडी जाईल." मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं. दोन्ही वेळा सान्वीनं वळून माझ्याकडे बघितलं. आण्णांना ऐकूच गेलं नाही.